चौखूर घोडा आणि करड्या छटा

विद्यार्थी मित्रांनो, हा लेख पुढे वाचण्यापूर्वी एक काम करा. वहीचे शेवटचे पान उघडा, पेन्सिल घ्या आणि भरधाव धावणारा एक घोडा काढा. चित्र सुबक नसले तरी चालेल. घोडा चौखूर उधळला आहे आणि त्याचे चारही खूर जमिनीपासून सुटले आहेत, नेमका तो क्षण दाखवायचा आहे. पाय कुठे आहेत एवढे स्पष्ट दिसले म्हणजे पुरे.

काढलात घोडा? आता पाहा. पुढचे दोन पाय पुढे ताणलेले आणि मागचे दोन मागे ताणलेले, असे तुमचे चित्र आहे का? असेल तर खट्टू होऊ नका. तेओदोर जेरिको या नामवंत फ्रेंच चित्रकाराने १८२१ साली इंग्लंडमधील एप्सम येथील शर्यतीचे चित्र रंगवले. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ते आजही पाहायला मिळते. त्यातले घोडे अगदी असेच, हात-पाय पसरून पोटावर घसरत निघाल्यासारखे धावताना दाखवले आहेत. चित्र देखणे आहे. पण धावणारा घोडा अशा स्थितीत कधीच नसतो!

जेरिको घोड्यांचा चांगला जाणकार होता. मग त्याच्या नजरेतून ही गोष्ट कशी निसटली? आणि आज संगणकाच्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्या आणि करड्या छटांत धावता घोडा काढायचा झाला, तर तो खरा दिसावा म्हणून काय करावे लागेल? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे: मोजावे लागेल. काय मोजायचे? एक वेळ, आणि दुसरा प्रकाश.

डोळा कुठे कमी पडतो?

भरधाव घोड्याचे चारही पाय एकेकदा टेकून पुन्हा पहिला पाय टेकेपर्यंत सुमारे ०.४ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात चार टापा, चार उचल आणि एक हवेतला टप्पा उरकतो. आपला डोळा इतक्या घाईच्या घटना सुट्या सुट्या करून पाहू शकत नाही. पाय पुढे किंवा मागे पोहोचला की तिथे दिशा बदलण्यासाठी तो क्षणभर मंदावतो. त्या टोकाच्या स्थिती आपल्या लक्षात राहतात आणि मधल्या हरवतात. मग मन पुढच्या पायांचे एक टोक आणि मागच्या पायांचे दुसरे टोक जोडून एक घोडा तयार करते.

ही अडचण काही शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली होती. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने घोड्याच्या खुरांखाली रबरी फुगे बसवले. खूर टेकला की फुगा दाबला जाई, हवा नळीतून वर जाई आणि स्वाराच्या हातातील यंत्रावर रेघ उमटे. घोडा धावताना काही काळ चारही खूर अधांतरी असतात, हे अशा नोंदींवरून त्याने १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. पण रेघोट्या म्हणजे चित्र नव्हे. अधांतरी असताना पाय असतात कुठे, हे रेघोट्यांतून दिसत नव्हते.

सत्तावीस इंचांची फूटपट्टी

ते दाखवले एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे माजी गव्हर्नर लेलंड स्टॅनफर्ड यांचे पालो आल्टो येथे घोड्यांचे मोठे शेत होते. पुढे त्याच जागी स्टॅनफर्ड विद्यापीठ उभे राहिले. स्टॅनफर्ड यांनी या प्रश्नावर मोठी पैज लावली होती अशी कथा सांगतात, पण तिला पुरावा नाही. खर्च मात्र त्यांनीच केला. मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे एका ओळीत मांडले आणि प्रत्येकाच्या झडपेला जोडलेला दोरा धावपट्टीवर आडवा ताणला. घोडी धावत आली की एकेक दोरा तुटे आणि एकेक कॅमेरा क्षणभर उघडून मिटे.

१९ जून १८७८ रोजी सॅली गार्डनर नावाची घोडी या दोऱ्यांमधून धावली. मायब्रिजने छापलेल्या पत्रकात आकडे दिले आहेत. चित्रांमधील अंतर २७ इंच, दोन चित्रांमधील वेळ सुमारे १/२५ सेकंद, प्रत्येक चित्राला प्रकाश मिळाला तो १/२००० सेकंदापेक्षाही कमी वेळ, आणि घोडीचा वेग १ मिनिट ४० सेकंदांत १ मैल.

हे आकडे एकमेकांशी जुळतात का, ते आपणच तपासू. १ मैल म्हणजे १६०९ मीटर आणि वेळ १०० सेकंद. म्हणजे वेग सेकंदाला सुमारे १६ मीटर, ताशी ५८ किलोमीटर. २७ इंच म्हणजे ०.६९ मीटर. ०.६९ ला १६ ने भागले की ०.०४३ सेकंद येतात, म्हणजे १/२३ सेकंद. मायब्रिजच्या १/२५ शी हे उत्तर छान जुळते. आता १/२००० सेकंदात घोडी किती सरकली? १६ मीटर भागिले २०००, म्हणजे ८ मिलिमीटर! एवढ्या मोठ्या जनावराच्या चित्रात ८ मिलिमीटरचा फरक जाणवत नाही. म्हणून चित्रे स्पष्ट आली.

त्या चित्रांत घोडी अधांतरी होती खरी, पण पाय ताणलेले नव्हते. चारही पाय पोटाखाली गोळा झालेले होते.

असे का व्हावे? पायांचा क्रम पाहिला की उलगडा होतो. भरधाव घोड्याचा आधी एक मागचा पाय टेकतो, मग दुसरा मागचा, मग एक पुढचा आणि शेवटी दुसरा पुढचा. म्हणजे घोडा हवेत जातो तो पुढच्या पायावरून! तो पाय सुटताना शरीर त्याच्या पुढे गेलेले असते, म्हणून तो पोटाकडे वळलेला असतो. त्याच वेळी मागचे पाय पुढच्या टापेसाठी पोटाखाली येत असतात. साहजिकच चारही पाय एकत्र जमतात. चित्ता किंवा शर्यतीचा ग्रेहाउंड कुत्रा यांची पाठ लवचिक असते. ते धावताना दोनदा हवेत असतात: एकदा पाय गोळा करून आणि एकदा ताणून. घोड्याची पाठ तशी वाकत नाही.

घोड्याच्या बाकीच्या चालीही ध्यानात ठेवा. साध्या चालण्यात क्रम असा असतो: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. यात निदान दोन पाय नेहमी जमिनीवर असतात. दुडक्या चालीत समोरासमोरचे तिरपे पाय जोडीने पडतात, म्हणजे डावा मागचा आणि उजवा पुढचा एकदम, मग दुसरी जोडी. कानाला दोनच ठोके ऐकू येतात. दुडकी आणि भरधाव यांच्यामध्ये कँटर ही तीन ठोक्यांची चाल आहे. भरधाव धावेत ठोके पुन्हा चार. आपल्या भाषेने या धावेला ‘चौखूर’ हा शब्द दिला आहे, तो किती नेमका आहे पाहा.

चित्रकारांची परीक्षा

मायब्रिजच्या चित्रांनी कलावंतांत खळबळ उडाली. रोदँ या थोर शिल्पकाराचे म्हणणे होते की खोटे बोलतो तो कॅमेरा, कारण खऱ्या जगात काळ कधी थांबत नाही. चित्रकार अनेक क्षण एकत्र करून गती दाखवतो. हे म्हणणे हसून सोडून देण्यासारखे नाही. त्याकडे आपण पुन्हा वळू.

पण चालणाऱ्या जनावराच्या चित्रात पाय चुकणे, याला असा बचाव नाही. हंगेरीतील शास्त्रज्ञांनी २०१२ साली सुमारे हजार चित्रे व शिल्पे तपासली. त्यांत चार पायांचे प्राणी चालताना दाखवले होते. मायब्रिजपूर्वीच्या कलाकृतींपैकी ८३.५ टक्के चुकीच्या निघाल्या. त्याच्यानंतरच्यांत हे प्रमाण ५७.९ टक्क्यांवर आले. आणि हजारो वर्षांपूर्वी गुहांच्या भिंतींवर काढलेल्या चित्रांत? अवघे ४६.२ टक्के! पाय नुसते अंदाजाने, चिठ्ठ्या टाकून ठरवले असते तर ७३.३ टक्के चुकले असते, असा त्यांचा हिशेब आहे. म्हणजे मायब्रिजपूर्वीचे कलावंत चिठ्ठ्यांपेक्षाही मागे पडले. जे काढतो आहोत ते बारकाईने पाहण्यावाचून गत्यंतर नाही, हा धडा गुहेतला शिकारी आपल्याला देतो.

वेळ मिळाला, छटा गेल्या

मायब्रिजच्या १८७८ च्या चित्रांत एक उणीव होती. १/२००० सेकंदात काचेवर पडणारा प्रकाश फारच थोडा. त्या काळच्या ओल्या काचपट्ट्या मंद होत्या. म्हणून त्याने घोडीच्या पाठीमागे पांढरा पडदा उभारला आणि जमीनही पांढरी केली. पडदा पांढरा उमटला, पण घोडी जवळजवळ काळ्या सावलीसारखी आली. पायांची जागा कळली, मात्र खांद्याचा उभार, मांडीच्या स्नायूंचा पीळ, पोटाची गोलाई नाहीशी झाली. वेळेचे बारीक तुकडे हवेत, तर प्रकाशाची किंमत मोजावी लागते!

पुढे अधिक संवेदनशील कोरड्या काचपट्ट्या आल्या. पेनसिल्वेनिया विद्यापीठात काम करून मायब्रिजने १८८७ साली ७८१ चित्रपत्रांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात जनावरांचे अंग करड्या छटांनी भरलेले दिसते. घोडा आता कापलेल्या कागदासारखा सपाट राहिला नव्हता.

छटांचे अंक

संगणकात ही छटा कशी साठवतात? चित्राचे बारीक चौकोनी तुकडे पाडतात. त्यांना चित्रबिंदू किंवा पिक्सेल म्हणतात. प्रत्येक तुकड्याला एक अंक देतात. १९५७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो असा संगणकात नेला. त्यात १७६ गुणिले १७६, म्हणजे ३०,९७६ बिंदू होते. त्यांच्या यंत्राला प्रत्येक बिंदू काळा की पांढरा एवढेच कळे. मग करडा रंग कुठून आणायचा? त्यांनी तोच फोटो वेगवेगळ्या उंबरठ्यांवर पुन्हा पुन्हा वाचला. थोडासा प्रकाशही ‘पांढरा’ मानायचा एकदा, भरपूर प्रकाश असेल तरच ‘पांढरा’ मानायचा दुसऱ्यांदा. या वाचनांची बेरीज केली की मधल्या छटा मिळतात.

आज सर्वसाधारण चित्रात प्रत्येक बिंदूसाठी ८ द्विमान अंक वापरतात. २ चा आठवा घात २५६. म्हणून ० हा काळा, २५५ हा पांढरा आणि मधले २५४ अंक करड्या छटांचे. फक्त ८ छटा वापरल्या तर घोड्याच्या गुळगुळीत पाठीवर पायऱ्या पायऱ्या दिसू लागतील.

आता मुद्द्याचा प्रश्न. घोड्याच्या अंगावर कुठे कोणता अंक द्यायचा? इथे पदार्थविज्ञान मदतीला येते. योहान लाम्बर्ट याने १७६० साली दिलेला नियम सांगतो की चकाकी नसलेल्या पृष्ठभागाची प्रकाशमानता आपाती कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात असते. घोड्याचे धड म्हणजे आडवा दंडगोल समजा, आणि प्रकाश वरून येतो आहे असे धरा. पाठीच्या कण्यावर कोन ०, प्रकाश पूर्ण. बाजूला उतरताना ३० अंशांवर ०.८७, ४५ अंशांवर ०.७१, ६० अंशांवर ०.५ आणि ९० अंशांवर शून्य. पाहा, सुरुवातीला प्रकाश हळूहळू कमी होतो आणि शेवटी झपाट्याने. पाठीपासून पोटापर्यंत सारख्या पायऱ्यांनी काळे करत गेलात, तर धड गोल न दिसता दुमडलेल्या पुठ्ठ्यासारखे दिसेल.

यात आणखी एक गोम आहे. ०.५ प्रकाशाला २५५ च्या निम्मा अंक, म्हणजे १२८, द्यायचा असे तुम्हाला वाटेल. पण पडद्यावर १२८ या अंकाला पूर्ण प्रकाशाच्या फक्त २२ टक्के प्रकाश मिळतो! निम्म्या प्रकाशासाठी १८८ हा अंक लागतो. असे का केले असावे? अंधाऱ्या खोलीत एका मेणबत्तीजवळ दुसरी लावली की फरक लगेच कळतो. शंभर जळत असताना एकशे एकावी लावली तर कळत नाही. डोळा वाढ मोजत नाही, प्रमाण मोजतो. म्हणून २५६ अंकांपैकी जास्त अंक अंधाऱ्या छटांना वाटून दिलेले असतात. पांढऱ्या घोड्यासाठी वरच्या कोनांचे अंक असे येतात: ० अंश २५५, ३० अंश २३९, ४५ अंश २१९, ६० अंश १८८, ७५ अंश १३९. गडद घोडा समजा पडलेल्या प्रकाशाचा पाचवा हिस्साच परत पाठवत असेल, तर त्याच्या पाठीचा अंक १२४ च्या आसपास राहील.

नियमाने पोट काळेकुट्ट यायला हवे. पण जमिनीवरून परतलेला प्रकाश पोटाला उजळतो, म्हणून तिथे ० कधी देऊ नका. घामेजलेल्या अंगावर चकाकीचे ठिपके येतात. ते लाम्बर्टचा नियम पाळत नाहीत, आरशाचा पाळतात. त्यामुळे गडद घोड्यावरही २०० च्या पुढचा अंक शोभतो, पण थोड्या जागी.

सावलीही विसरू नका. सूर्याचे बिंब आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसते. म्हणून सावलीची कड, वस्तू जमिनीपासून जितकी दूर, त्याच्या शंभराव्या भागाइतकी पुसट होते. पोट मीटरभर उंच असेल तर त्याच्या सावलीची कड सुमारे सेंटीमीटरभर पुसट. टेकलेल्या खुराची सावली मात्र धारदार आणि खुराला चिकटलेली. घोडा हवेत असेल तर खूर आणि सावली यांत फट पडते. पाय कितीही अचूक काढा, ती फट ठेवली नाही तर घोडा उडालेला वाटणार नाही.

गती करड्या छटेत उतरते

आता रोदँच्या आक्षेपाकडे वळू. सगळे अवयव धारदार काढले तर घोडा पुतळ्यासारखा गोठलेला दिसतो, यात तथ्य आहे. त्यावर उपाय भौतिकातच आहे.

बैलगाडीचे चाक आठवा. ते घरंगळताना जमिनीला टेकलेला बिंदू क्षणभर स्थिर असतो आणि सर्वांत वरचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगाने जातो. घोड्याच्या खुरांचेही तसेच आहे. टेकलेला खूर स्थिर असतो, धड सेकंदाला १६ मीटर जाते, आणि मागे पडलेला खूर पुढे गाठायला त्याहून बराच अधिक वेगाने झेपावतो. एका जागी रोवलेला कॅमेरा १/६० सेकंद उघडा राहिला, तर टेकलेला खूर अजिबात सरकणार नाही, धड २७ सेंटीमीटर सरकेल आणि हवेतला खूर अर्ध्या मीटरच्या आसपास. म्हणून चित्रात टेकलेला खूर सर्वांत स्पष्ट आणि झेपावणारा खूर सर्वांत पुसट हवा. स्वाराबरोबर कॅमेरा फिरवला तर गणित उलटते. धड स्पष्ट येते, मागची झाडे पुसतात आणि टेकलेला खूरही पुसट होतो!

पुसटपणा म्हणजे काय, तर वेळेची सरासरी. पांढऱ्या पडद्यासमोरून काळा खूर जातो आहे. एखाद्या बिंदूवर तो एकूण वेळेपैकी पाव वेळ होता, तर पाव प्रकाश खुराचा आणि पाऊण पडद्याचा. खूर ५ टक्के आणि पडदा ८० टक्के प्रकाश परत पाठवतो असे धरले, तर सरासरी येते ६१ टक्के. याचा अंक २०५. पण काही जण पडद्याचा अंक २३१ आणि खुराचा अंक ६३ घेऊन सरळ त्यांचीच सरासरी काढतात. ती १८९ येते आणि पुसट भाग मळकट दिसतो. सरासरी प्रकाशाची काढा, अंकांची नव्हे. अशा रीतीने काढलेल्या करड्या छटेत वेळ साठवलेला असतो. रोदँला हवे असलेले अनेक क्षण आणि मायब्रिजचे मोजमाप, दोन्ही तिथे एकत्र नांदतात.

मायब्रिजचा घोडा अजून थकलेला नाही. २०१७ साली हार्वर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी त्याच्याच संग्रहातील ॲनी जी. या घोडीची पाच चित्रे घेतली. प्रत्येक चित्र ३६ गुणिले २६ बिंदूंचे. म्हणजे एकूण ४,६८० बिंदूंच्या करड्या छटा. त्यांनी या छटा डीएनएच्या भाषेत लिहून ई. कोलाय या जिवंत जिवाणूंच्या जनुकसंचात ठेवल्या आणि पुन्हा वाचून सुमारे ९० टक्के अचूक परत मिळवल्या. घोडी जिवाणूंच्या पोटातून धावत बाहेर आली! चित्र एकदा अंकांत उतरले की ते कशातही साठवता येते, हे यावरून कळते.

करून पाहा

आता तुमची पाळी. मोफत मिळणारे कोणतेही चित्रकलेचे सॉफ्टवेअर चालेल. तेही नसेल तर आलेखाच्या कागदावर ३६ गुणिले २६ चौकोन आखा आणि पेन्सिलने आठ छटा ठरवून घ्या.

१. आधी चाल ठरवा आणि कोणते पाय जमिनीवर आहेत ते लिहून काढा. रेघ त्यानंतर.
२. धड, मान, मांड्या आणि पाय यांना दंडगोल व गोल समजून आकार द्या. प्रकाशाची दिशा एका बाणाने कोपऱ्यात दाखवा.
३. प्रत्येक भागावर कोन अजमावून छटा भरा. पोटाखालचा परतलेला उजेड आणि सावलीची फट तपासा.
४. शेवटी, जो अवयव जितका वेगात तितका त्याला गतीच्या दिशेने पुसट करा.

शिक्षकांनी वर्गात याचा एक प्रयोग जरूर घ्यावा. पुष्कळ मोबाइल फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रे घेण्याची सोय असते. मायब्रिजपेक्षा ही जवळजवळ दहापट बारीक फूटपट्टी आहे. माथेरानचे घोडे, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे, लग्नाच्या वरातीतला घोडा, यांपैकी काही जवळ असेल तर उत्तम. नसेल तर गल्लीतला कुत्रा किंवा शेजारची गाय चालेल. प्राण्याला न घाबरवता, लांबून, त्याच्या साध्या चालीचे चित्रण करा. मग एकेक चित्र थांबवून चारही पायांचा तक्ता भरा: टेकलेला असेल तर काळा चौकोन, उचललेला असेल तर पांढरा. डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा हा क्रम त्यात सापडतो का, ते तपासा. तक्ता भरून झाला की शाळेतील पुस्तकांत, कॅलेंडरांवर आणि गावातील पुतळ्यांत चालणारी जनावरे शोधा आणि त्यांच्या पायांना गुण द्या. पुतळ्यातला घोडा मागच्या पायांवर उभा केलेला असेल तर त्याला सोडून द्या. तो चालत नसतो.